कुशाबाच्या जागेवर

जयवंतने अनवाणी पाऊल गवतावर दाबून उचललं. ठसा तसाच राहिला, पाती उठेनात; गवत तहानलेलं होतं. भर दुपारी एक वाजता त्याने पाइप ओढत आणला, तोंडावर अंगठा दाबला आणि पाण्याचा बारीक फवारा उडवला. मुळं भिजतील इतका नव्हे, पात्यांना गार वाटेल एवढाच.

गोल्फ क्लबातले बाकीचे माळी याच फवाऱ्यावरून त्याला हसले होते. उन्हात पाणी मारलं की गवत करपतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं, असं त्यांचं म्हणणं. पण जयवंत माळी नव्हताच, तो गिरणीतला साचेवाला, मागावर कापड विणणारा. साचाखात्यात हवा कोरडी पडली की धागे तटातट तुटत, म्हणून वरून पाण्याचे फवारे सोडत. तेवढ्या अकलेवर त्याने मे महिना काढला. पाणीकपातीत गोल्फच्या मैदानातल्या बहुतेक ग्रीन, म्हणजे शेटलोक जिथे चेंडू भोकात घालतात ते हिरवे तुकडे, पिवळ्या पडल्या. जयवंतच्या तीन टवटवीत राहिल्या. त्याला अभिमान वाटत होता, आणि का वाटू नये? संपाचं सव्वा वर्ष तो नुसता बसून होता.

ग्रीन खरं तर कुशाबाच्या. लालबागच्या चाळीत तो आणि त्याचा भाऊ लवू जयवंतच्या शेजारच्या खोलीत राहायचे. लवू जयवंतच्याच गिरणीतला संपकरी; संप फोडून कामावर जाणाऱ्यांना अडवायला तो अजून रोज गेटवर उभा राहायचा. दर उन्हाळ्यात म्हातारा कुशाबा घर शाकारायला कोकणात जायचा. यंदा जाताना त्याने जयवंतला बदलीवर लावलं. बदलीचा कायदा गिरणगावात सगळ्यांना पाठ: कायमवाला परत आला की त्याच्या जागेवरून उठायचं.

कुशाबा आजच परतला होता आणि माळ्यांच्या छपरीत चहा पीत होता. तेवढ्यात सुपरवायझर रघुवीर आला. त्याने उकिडवं बसून गवतावरून हात फिरवला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की म्हाताऱ्याची नजर गेली, कंबर गेली. उद्यापासून इथे जयवंत कायम. जयवंतच्या डोळ्यांपुढे बायको उभी राहिली. गेल्या महिन्यापासून कुठे गुणवंती निर्धास्त झोपू लागली होती.

ही जागा कुशाबाकाकांची आहे, मला नको, असं तो म्हणाला. खरं म्हणजे ती त्याला फार हवी होती.

"भिडेला पडू नकोस," रघुवीर म्हणाला. "मी सांगतो त्याला."

त्याने छपरीकडे हात करून कुशाबाला बोलावलं. म्हातारा कप ठेवून निघाला. तो अजून लांब होता तोवर जयवंत घाईघाईने म्हणाला, की हे दुपारचं पाणी त्याला कुशाबाकाकांनीच शिकवलंय, त्याची स्वतःची अक्कल यात काही नाही. रघुवीर हसला. त्याला ते पटलेलं दिसलं नाही. कुशाबा जवळ येऊन उभा राहिला.

"साहेब, मला जमणार नाही," जयवंत म्हणाला. "उद्यापासून मी मिलमध्ये कामावर जातोय. घेतलंय मला."

रघुवीरचा चेहरा पडला. मग त्याने कुशाबाला, उद्यापासून तुझं तू सांभाळ, एवढंच सांगितलं आणि तो निघून गेला.

आपली नोकरी आत्ताच गेली होती आणि आत्ताच परत आली, याचा कुशाबाला पत्ता नव्हता. तो जयवंतकडे वळला.

"मिलात जातंस?"

"हो."

"लवू अजून गेटार उभो रवता रे."

 मिलमध्ये आपल्याला कुणी घेतलेलं नाही हे खरं सांगायचं, तर जयवंतला रघुवीर काय म्हणाला तेही सांगावं लागलं असतं. त्याऐवजी तो दुपारी कुठे किती पाणी मारायचं ते समजावू लागला. कुशाबा खाली बघत ऐकत होता.

"समाजला," तो शेवटी म्हणाला. "सांजेक आमच्याकडे येव नको. लवू घरात असतलो."

"बरं," जयवंत म्हणाला.