पट्ट्याला लाखेचा हात

घड्याळाचा पट्टा घरी रंगवायचा नाही, हे तिने रविवारी सकाळी सांगितलं, दुपारी सांगितलं आणि संध्याकाळी बहिणीकडे जायला पायात चप्पल सरकवताना पुन्हा एकदा बजावलं. इतकं सांगूनही ज्याच्या डोक्यात शिरत नाही त्याला बहिरा म्हणावं, तर तिच्या नवऱ्याचे कान चांगले तिखट होते. शेजाऱ्यांच्या कपाटाचं दार करकरलं तरी त्याला इथे बसून कळायचं आणि कुणी न बोलावता तो तेलाची बाटली घेऊन तिकडे पोचायचा. बायकोचं ‘नको’ तेवढं त्याला ऐकू येत नसे.

तो लाकडाला पॉलिश करायचा. टेबलं, पलंग, दारं, देईल ते काम. हाताला गुण होता, हे तीही कबूल करायची. पण तो हात घरात आला की गप्प बसत नसे. तिच्या वडिलांनी लग्नात दिलेली लाकडी पेटी त्याने एका दुपारी घासून नवीकोरी केली होती, आणि वडिलांनी चाकूच्या टोकाने झाकणावर कोरलेलं तिचं लहानपणचं नाव सँडपेपरखाली कायमचं गेलं होतं. ‘बघ, कशी आरशासारखी झाली!’ असं वर म्हणालाही होता. लेकीच्या कॉलेजचा अर्ज त्याने असाच परस्पर भरून टाकला. लेक आता दुसऱ्या गावी राहून त्याने निवडलेलंच शिकत होती आणि फोनवर कुरकुरत होती. दर वेळी ती नवऱ्याशी कडाकडा भांडली. दर वेळी तो म्हणाला, “अगं, तुझ्या भल्यासाठीच केलं ना!” आणि भल्यासाठी केलेल्या गोष्टीवर चिडायची सोय नसते. लोक चिडणाऱ्यालाच नावं ठेवतात.

आता पाळी घड्याळाची आली होती. ती शर्टांच्या कारखान्यात होती. तपासणीच्या टेबलाची मुख्य झाली तेव्हा तिने ते घड्याळ स्वतःसाठी घेतलं, आणि मनगटावर बांधून घरी आली तेव्हा कुणालाही किंमत सांगितली नव्हती. त्याचा तपकिरी चामड्याचा पट्टा घामाने कुठे काळपट, कुठे फिकट झाला होता.

“शनिवारी दुकानातून नवा घालून आणते,” ती म्हणाली होती.

“चांगलं चामडं फेकून द्यायचं? मग घरातल्या रंगाच्या बाटल्या काय शोभेला ठेवल्यात?”

“त्या लाकडाच्या आहेत.”

“लाकूड काय नि चामडं काय, रंग पिणारं सगळं सारखंच.”

“अहो, दिवसभर माझ्या हाताखालून पांढरे शर्ट जातात. जरा जरी रंग सुटला तर? नको म्हणजे नको.”

“माझा रंग सुटतो?” हे त्याला लागलं. “आजवर एक गिऱ्हाईक बोललं नाही.”

“गिऱ्हाईक टेबल हातात बांधून फिरत नाही!”

तो हसला. तिला वाटलं, पटलं. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही त्याच्या हसण्याला ती होकार समजली, हा तिचाच गाढवपणा.

सोमवारी सकाळी घड्याळ खुंटीवर होतं आणि पट्टा चकाकत होता. भिजल्या मातीचा असावा तसा गडद, एकसारखा रंग, कडांना सुद्धा कुठे ओघळ नाही. तिने ते हातात घेतलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“काय सांगितलं होतं मी तुम्हाला?”

“आधी बघ तरी!” तो दात घासत बाहेर आला, तोंडभर फेस. “स्पिरिटने जुना मळ काढला, रंग दिला, वरून लाखेचा पातळ हात मारला. रात्रभर वाळलाय. नखाने खरवडून बघ, निघतो का.”

तिने खरवडलं. नाही निघालं. ओल्या फडक्याने पुसलं, फडकं कोरं राहिलं. आणि खरं सांगायचं तर पट्टा देखणा झाला होता, दुकानातल्यापेक्षा देखणा, आणि त्याचा तिला जास्त राग आला. भांडायला वेळ नव्हता. कारखान्यात फोन दारातच काढून ठेवावे लागत. घड्याळाशिवाय तिचं पान हलत नसे. तिने ते बांधलं, तोंडातल्या तोंडात चार शिव्या घातल्या आणि बस पकडली.

तपासणीच्या टेबलावर तिच्या हाताखाली मुली होत्या आणि तिचे नियम कडक होते. नखांना रंग नाही, ओठांना रंग नाही, हाताला क्रीम नाही, मनगटात काही नाही. मागच्याच आठवड्यात तिने एका मुलीला गुलाबी नखांसाठी घरी परत पाठवलं होतं. मुली तिला माघारी ‘दुर्बीण’ म्हणत, हे तिला ठाऊक होतं आणि आवडतही होतं. सुतभर डाग तिच्या नजरेतून सुटत नसे. घड्याळाची सूट फक्त तिला होती, कारण तासातासाचा हिशोब तिच्याकडे होता.

शर्ट इस्त्रीवरून यायचे ते गरम, वाफेने दमट. कॉलर उलटून बघायची, बाही डाव्या मनगटावर टाकून शिवण ताणायची, कफ बघायचा, पुढे सरकवायचा. हात आपोआप चालायचे. लाकडावर लाख बसते ती बसतेच, कारण टेबल आयुष्यात कधी वाकत नाही. चामडं वाकतं. बाही ओढताना दर वेळी मनगट वळत होतं, लाखेला बारीक भेगा पडत होत्या आणि त्या भेगांतून वाफ आत जाऊन रंगाला जागं करत होती. वरून पाहिलं तर पट्टा सकाळइतकाच देखणा.

डाग बाहीच्या खालच्या बाजूला उमटत होता, तिला दिसलाच नाही. दिसला तो त्या गुलाबी नखांच्या मुलीला.

“बाई,” ती मुलगी म्हणाली, “या बाहीला काहीतरी लागलंय.”

तपकिरी, वाकडी, पट्ट्याच्या कडेएवढी रेघ. मग दुसऱ्या शर्टाच्या बाहीला. मग तिने स्वतःच पुढे सरकवलेला अख्खा गठ्ठा उलगडला, आणि प्रत्येक शर्टाच्या बाहीवर तीच रेघ होती, तिच्या हातची सही असावी तशी. मागून कुणीतरी हळूच पुटपुटलं, “लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण,” आणि दोघीतिघी खाली माना घालून हसल्या. तिने मागे वळून पाहिलं नाही. हसण्याजोगंच होतं ते.

साहेब आले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक शर्ट उचलला, तिच्या मनगटाकडे पाहिलं, पुन्हा शर्टाकडे पाहिलं.

“दुसऱ्या कुणाचं असतं तर तुम्ही काय केलं असतं?”

“घरी पाठवलं असतं, साहेब.”

“घरी नको. मी सांगेपर्यंत खाली खोक्यांना चिकटपट्टी लावा. इथे ही मुलगी बघेल.”

आणि त्यांनी गुलाबी नखांच्या मुलीकडे बोट दाखवलं. तिची नखं आज स्वच्छ होती.

दुपारभर ती तळघरात खोकी बंद करत बसली. साबणाने, ब्रशने, शेवटी दगडाने घासूनही मनगटावरचं तपकिरी कडं निघेना. चिकटपट्टी खर्रकन ओढताना तिला साहेबांचा राग आला नाही, मुलींचा आला नाही. नवऱ्याचा आला, आणि त्याहून स्वतःचा. सकाळी घड्याळ खुंटीवरच ठेवून यायला काय झालं होतं? तिचं ‘नको’ तिनेच कधी धरून ठेवलं होतं? तो मोडायचा, ती चार शिव्या देऊन मोडलेलं वापरायला घ्यायची. पेटी वापरली. अर्जावर सही केली. आज पट्टा बांधला.

संध्याकाळी तो घरीच होता. तिने चप्पलही न काढता मनगट त्याच्यापुढे धरलं आणि सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. टेबल गेलं, मुलींसमोर गेलं, त्या पोरीला दिलं.

त्याचा चेहरा उतरला. खरंच उतरला, ढोंग नव्हतं ते. त्याने तिच्या हातातून घड्याळ घेतलं, खिडकीशी जाऊन उजेडात धरलं, पट्टा वाकवून भेगा पाहिल्या.

“हं,” तो म्हणाला. “लाख पातळ झाली. थांब, अजून एक जाड हात देतो. मग काय बिशाद आहे सुटायची!”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. याच्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ती त्याच्या सामानाच्या फळीकडे गेली आणि तिने झाकणाचा गोल डबा उचलला.

त्या डब्यात त्याची पुरचुंडी होती. मऊ जुन्या कापडात गुंडाळलेला कापसाचा गोळा; लाखेचा हात तो या पुरचुंडीनेच मारायचा. वर्षानुवर्षं लाख पिऊन ती त्याच्या तळव्याच्या आकाराची झाली होती. कडक होऊ नये म्हणून डब्यात कायम स्पिरिटचा ओलावा. नवी पुरचुंडी हाताला बसायला वर्ष जातं, असं तो सांगायचा. त्या डब्याला हात लावायची परवानगी कामावरच्या माणसांना नव्हती, तिलाही नव्हती. एकदा झाडू मारताना तिने तो नुसता सरकवला तर दोन दिवस घरात अबोला होता.

ती मोरीत गेली. नळ सोडला, कपड्यांचा साबण घेतला आणि पुरचुंडी चोळायला लागली. लाखेला पाणी लागताच ती दुधासारखी पांढरी पडली, मग चिकट, मग गुठळ्या.

“अगं! अगं, काय करतेस!” तो धावत आला. “पाणी लागलं की मेली ती! सोड!”

“वास मारत होती,” ती म्हणाली आणि आणखी साबण लावला. “तुमच्या भल्यासाठीच धुतली.”

“भलं? मी उद्या काम कशाने करू? निदान विचारायचं तरी होतंस!”

नळ वाहत होता. ती वळली आणि त्याच्याकडे नुसतं पाहत राहिली, हातातून पांढरं पाणी गळत असताना. त्याने तिच्या मनगटावरच्या कड्याकडे पाहिलं, मग मोरीत पडलेल्या गुठळ्यांकडे, आणि तो मागे सरला.

सूड घेतला की गार वाटतं म्हणतात. कोण म्हणतं कोण जाणे. तिला काही गार वाटलं नाही. ती बाहेरच्या खोलीत येऊन खाटेवर बसली. टेबल तर काही परत येणार नव्हतं. मग आतून भांड्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा, गॅस पेटल्याचा. थोड्या वेळाने तो दारात येऊन उभा राहिला. चौकटीला धरून, परक्या घरात आल्यासारखा.

“चहा...” तो म्हणाला आणि अडखळला. “चहा टाकू का तुला?”

दुपारपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. घसा कोरडा पडला होता, डोकं ठणकत होतं, आणि चहाच्या नुसत्या नावाने तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

“नको,” ती म्हणाली.

तो थांबला. तिला पक्कं माहीत होतं आता काय येणार ते: अगं घे, बरं वाटेल, अर्धा कप तरी. ती दात आवळून वाट बघत राहिली.

“बरं,” तो म्हणाला.

तो आत गेला. गॅस बंद झाल्याचा आवाज आला, मग पातेल्यातलं पाणी ओतून दिल्याचा. ती भिंतीकडे तोंड करून बसली, राग सगळा तसाच होता, आणि तिला रडू कोसळलं.