वाट म्हणे कुत्र्यांनी केली

मित्रांनो, मी एक जुनी स्नोमोबाइल. बर्फावरची फटफटी म्हणा हवं तर. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा आणि मधे माझं तापट इंजिन. माझ्या वयाच्या बहुतेक जणी केव्हाच भंगारात गेल्या. मी अजून चालते, आणि आधीच सांगून ठेवते, आज मी रागात आहे. आपली कहाणी सांगताना गोड गोड बोलायची पद्धत असते, ते मला ठाऊक आहे. पण माझी मालकीण इर्मेली वर्षानुवर्षं गोड बोलत, गप्प बसत राहिली, आणि तिचं नाव तिच्याच घरातून पुसलं गेलं. ते मी डोळ्यांसमोर होताना पाहिलं. तेव्हा माझ्याकडून गोडव्याची अपेक्षा करू नका.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका कारखान्यातला. माझ्याबरोबर बाहेर पडलेल्या काही जणी शर्यतीच्या होत्या. सडसडीत अंगाच्या, लाल-पिवळ्या, मोठ्या नखरेल. मला लांब बाक दिला, मागे जाडजूड आकडा दिला आणि ओझी ओढायला लॅपलँडच्या बर्फाळ मुलखात, पार उत्तर टोकाला धाडून दिलं. तिथे ओलावी नावाच्या रेनडिअर राखणाऱ्या म्हाताऱ्याने मला घेतलं. त्याच्याकडे मी काय नाही केलं? पांगलेले रेनडिअर वळवले, बर्चच्या झाडांची लाकडं ओढली, गोठलेल्या तळ्यावर जाळी टाकायला गेले. एका हिवाळ्यात सौनाची, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या खोलीची, अख्खी लोखंडी भट्टी मी तळ्यापलीकडे नेली. सगळं गाव काठावर येऊन उभं राहिलं होतं. "ही गाडी नव्हे ओलावी, अस्वल आहे अस्वल," असं कोणीतरी म्हणालं, आणि ओलावीने माझ्या बाकावर अशी थाप मारली की त्यावरचा बर्फ उडाला. चारचौघांत माझं कौतुक झालं ते तेवढंच.

ओलावीला दोन मुलं. थोरली इर्मेली आणि धाकटा वेसा. इर्मेली बापाच्या पुढ्यात बसून मला चालवायला शिकली. कडाक्याच्या थंडीत माझा चोक किती ओढायचा, इंजिन सुरू करायच्या दोरीला केव्हा हिसका द्यायचा, हे तिला झोपेतसुद्धा जमेल. वेसाचा जीव कुत्र्यांत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कुत्री चांगलीच असतात, फक्त त्यांचा गवगवा फार होतो.

ओलावी गेल्यावर दोघा भावंडांनी मिळून पाहुण्यांना हिवाळी सफरी घडवायचा धंदा काढला. सकाळी वेसा त्यांना कुत्र्यांच्या स्लेजवरून, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीवरून, जंगलात न्यायचा. दुपारी इर्मेली माझ्यावर बसून पुढे, आणि पाहुणे भाड्याच्या स्नोमोबाइलींवर तिच्या मागे रांगेने. फाटकावरच्या पाटीवर दोघांची नावं होती. चांगले दिवस होते ते.

मग पाहुण्यांना शांतता हवीशी झाली. इंजिनाचा आवाज नको, धूर नको. वेसाने एका उन्हाळ्यात नवी पाटी रंगवली. 'फक्त कुत्री. फक्त शांतता.' खाली त्याचं एकट्याचं नाव. जुनी पाटी त्याने कुत्र्यांच्या खोपटाला आडवी ठोकली, वारा अडवायला. इर्मेलीने पाहिलं आणि म्हणाली, "रंग छान लागलाय." एवढंच म्हणाली. मला तेव्हाच तिचा राग आला होता.

बाकीच्या गाड्या विकल्या. मला नाही विकलं. का ते सांगते. ताजा भुसभुशीत बर्फ पडला की कुत्री त्यात पोटापर्यंत रुततात. ती धावायची तर आधी कोणीतरी बर्फ दाबून वाट करावी लागते. मागे लोखंडी पलंगाचा सांगाडा बांधून ती सपाट करावी लागते, आणि मग रात्रभर थंडीत घट्ट होऊ द्यावी लागते. ते काम माझं आणि इर्मेलीचं. संध्याकाळी पाहुणे सौनात घामाघूम होत बसले की आम्ही हळूच मागच्या बाजूने निघायचं. काम झालं की मला मांसाच्या कोठाराआड उभं करून वर ताडपत्री टाकायची. मी काय चोरीचा माल होते?

आणि इर्मेलीचंही तेच. दुसऱ्या दिवशी कुत्री निघायच्या आधी तिने माझ्यावरून जंगलातल्या झोपडीत जायचं, चूल पेटवायची, माशाचं सूप करायचं. कुत्र्यांची चाहूल लागली की मला घेऊन झोपडीच्या मागे जाऊन बसायचं. पाहुणे आत येऊन गरम सूप भुरकायचे आणि वेसा दाढीवरून हात फिरवत म्हणायचा, "इथे जंगलच आपल्याला जेवू घालतं." जंगल. जंगलाने कांदा चिरला, जंगलाने बटाटे सोलले. झोपडीमागे इर्मेलीचे हात गारठून लाल झालेले असायचे, ते जंगलाचे नव्हते.

निघताना पाहुणे एकेका कुत्र्याला मिठी मारायचे. काही जण तर रडायचे. कुत्र्यांचा पुढारी तुइस्कू तेवढा मला विसरला नाही. रोज सकाळी येऊन माझ्या डाव्या स्कीवर पाय वर करून जायचा. त्या घराने माझी घेतलेली दखल ती एवढीच.

यंदा फेब्रुवारीत आलेल्या पाहुण्यांत मार्लूस नावाची एक हॉलंडची बाई होती. निवृत्त शिक्षिका. बघेल त्याबद्दल विचारायची. झोपडीत सूप पिताना तिने विचारलं, "वेसा, इतक्या घनदाट जंगलात ही वाट इतकी सपाट कोणी केली?"

फळ्यांच्या भिंतीपलीकडे मी आणि इर्मेली. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"कुत्र्यांनी," वेसा म्हणाला. "माझ्या बापाच्या, आजाच्या कुत्र्यांनी. पिढ्यान्‌पिढ्या याच वाटेने धावताहेत."

सगळे पाहुणे भारावल्यासारखे 'वा' म्हणाले. मित्रांनो, त्या आजाकडे एकही स्लेजचा कुत्रा नव्हता. रेनडिअर होते. इर्मेलीला आधी हसू आलं. तिने हातमोजा तोंडावर दाबला. मग हसू थांबलं, तरी हातमोजा बराच वेळ तिथेच राहिला.

त्या संध्याकाळी बर्फ असा पडायला लागला की खोपटं दिसेनाशी झाली. पाहुणे सौनात गेले. इर्मेली आली, तिने माझी ताडपत्री काढली, बाक झटकला आणि वर बसली. किल्ली तिच्या मुठीत होती. मी वाट पाहत होते. थोड्या वेळाने ती उतरली आणि म्हणाली, "आज नाही." मग घरात निघून गेली.

सकाळी अंगणात नुसता गोंधळ. कुत्री जुंपलेली, पाहुणे स्लेजवर अंग गुंडाळून बसलेले, आणि पुढे बर्फाचा ढीग. तुइस्कूने उडी मारली आणि कानांपर्यंत आत गेला. वेसा तणतणत स्वयंपाकघरात शिरला. स्वयंपाकघराची खिडकी माझ्या बाजूलाच आहे आणि ती नीट लागत नाही, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"अगं, काल तू गेली नाहीस?"

"नाही."

"बरं वाटत नाहीये का?"

"छान वाटतंय. कॉफी घेतोस?"

"कॉफी कसली विचारतेस? बाहेर कुत्री रुतलीत, लोक बघताहेत."

"मग कुत्र्यांनाच सांग ना वाट करायला. पिढ्यान्‌पिढ्या करताहेत म्हणे."

वेसा आवाज खाली आणून म्हणाला, "ऐकलंस होय. अगं, ते आपलं बोलायचं म्हणून बोलतो. लोकांना गोष्ट हवी असते."

"मग त्या गोष्टीत मला घे की. वाट माझी बहीण करते म्हण. एवढं वाक्य तर आहे."

"आणि कशाने करते विचारलं तर? इंजिनाचं नाव काढलं की उद्या कोण फिरकेल इथे?"

"मी इंजिन नाही, वेसा. मी तुझी बहीण आहे."

"आत्ता हे नको. किल्ली दे, मीच जातो."

किल्ली टेबलावर पडल्याचा आवाज आला. "काठाकाठाने जा," इर्मेली म्हणाली. "एवढा बर्फ पडलाय. तळ्यावर पाणी वर आलं असेल."

"मला तळं शिकवू नकोस."

पाहुण्यांना कळू नये म्हणून त्याने मला मागच्या बाजूने काढलं. आणि घाई म्हणून सरळ तळ्यावर घातलं. बर्फाच्या वजनाने तळ्याचा गोठलेला थर खाली दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि ताज्या बर्फाखाली लपून बसतं. वरून काही दिसत नाही. अशा जागी सापडलात तर एकच करायचं, थांबायचं नाही. वेसाला हे लहानपणापासून माहीत होतं. पण इतकी वर्षं तो आयत्या वाटेवरून फिरलेला. आपली वाट कशी उमटतेय ते बघायला तो थांबला आणि मान वळवून मागे पाहू लागला.

मी बसले. पट्ट्याखाली पाणी आणि बर्फाचा लगदा, पट्टा नुसता फिरतोय आणि मी खोल जातेय. वेसा उतरला तो गुडघ्यापर्यंत पाण्यात. त्याने इंजिन इतकं पिळलं की ते बंद पडलं. असा लगदा थोड्याच वेळात दगड होतो. मी तिथे थिजले असते तर वसंतात तळ्याच्या तळाशी गेले असते, आणि त्याचे पाय काय झाले असते ते बोलत नाही.

माझा आवाज थांबलेला इर्मेलीने ऐकला. बाकी कोणाच्या लक्षातही आलं नाही. तिने जुंपलेली कुत्री घेतली, पाहुण्यांना "चला, मदतीला हात हवेत" म्हणाली आणि माझ्याच ताज्या खुणेवरून निघाली. कुत्री तिने काठाच्या पक्क्या जमिनीवर थांबवली. लांब दोर माझ्या नाकाला बांधला, पट्ट्याखाली झाडाच्या फांद्या सारल्या. कुत्र्यांनी ओढलं, पाहुण्यांनी ढकललं. होय, कुत्र्यांनी मला ओढलं. त्यांनी काम चोख केलं, हे मी मान्य करते. जीव तोडून ओढलं बिचाऱ्यांनी.

काठावर इर्मेलीने वेसाला स्लेजवर बसवलं, त्याचे ओले बूट उपसून काढले, पाय चोळले आणि आपले लोकरी हातमोजे काढून त्याच्या पायांत चढवले. स्वतः उघड्या हातांनी माझा दोर सोडायला वळली.

मार्लूसबाई धापा टाकत उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, इर्मेलीकडे पाहिलं आणि विचारलं, "वेसा, या बाई कोण?"

वेसाने आपल्या पायांतल्या हातमोज्यांकडे पाहिलं. मग सगळ्या पाहुण्यांकडे पाहिलं. आणि म्हणाला, "शेजारीण आहे आमची. तिची गाडी. मदतीला आली."

मित्रांनो, माझं इंजिन त्या वेळी चालू असतं तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. बापाच्या बाकावर बसून वाढलेली बहीण. तिचे हातमोजे पायात घालून हा माणूस तिला शेजारीण म्हणतो. पाय गरम झाले, मग लाज तेवढी कशी गोठली?

इर्मेलीचे हात दोरावर थांबले. मला वाटलं, आता बोलेल, आता तरी बोलेल. ती मार्लूसबाईकडे वळून शांतपणे म्हणाली, "हो, शेजारीण. तळ्यापलीकडे राहते."

त्याच दिवशी तिने ते खरं केलं. मागे ओझ्याची स्लेज जोडली. त्यात अंथरूण, सुपाचं पातेलं, बापाची जाळी आणि पलंगाचा लोखंडी सांगाडा. वेसा दारात आला.

"इर्मेली, पुरे झाली चेष्टा. आत ये."

"चेष्टा कोण करतंय? आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांशी जरा अदबीने बोलत जा."

आम्ही काठाकाठाने तळ्यापलीकडच्या, बापाच्या मासेमारीच्या झोपडीत राहायला गेलो. तिथे मी दारासमोर उघड्यावर उभी असते. येणारा-जाणारा बघतो.

पुढे पुन्हा बर्फ पडला. वेसाने पायाला बर्फात न रुतणारे रुंद, जाळीदार तळवे बांधून वाट तुडवायचा प्रयत्न केला. पहिल्या वळणापर्यंतच गेला म्हणतात. पाहुणे आले, कुत्र्यांना मिठ्या मारून सफरीविनाच परत गेले. मग एका सकाळी तळ्याच्या काठाने माणसांची रांग येताना दिसली. पुढे वेसा, मागे नवे पाहुणे. इर्मेली दारात लाकडं फोडत होती. ती थांबली नाही.

वेसाने टोपी काढली. पाहुण्यांकडे तोंड करून म्हणाला, "ही माझी थोरली बहीण, इर्मेली. वाट ही करते. या गाडीने करते. पहिल्यापासून हीच करत आलीये."

"आणि सूप?" इर्मेलीने कुऱ्हाड न थांबवता विचारलं.

"सूपही हीच करते."

तिने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली. "ठीक आहे. संध्याकाळी वाट करून देते."

"आणि घरी ये," वेसा म्हणाला. "तुझी खोली तशीच ठेवलीय."

"वाट करीन," ती म्हणाली. "घरी नाही यायची. तिथे मला लपायची सवय लागली होती, वेसा. आता ती सुटलीय, ती पुन्हा लावून घ्यायची नाही."

वेसाने टोपी घातली आणि पाहुण्यांना घेऊन आल्या वाटेने परत गेला.

तर मित्रांनो, तुम्हीही कधी फिरायला जाल. सपाट वाट मिळेल, गरम जेवण पुढ्यात येईल, सगळं कसं आपोआप झाल्यासारखं वाटेल. तेव्हा फोटो काढा, कुत्र्यांचे लाडही करा, मी काही म्हणत नाही. पण हे कोणी केलं ते विचारा. आणि विचारून गप्प बसू नका. उत्तर देणारा कोणाकडे बघायचं टाळतोय, ते नीट बघा.