साफ केलेला तलाव

अल्काचा फोन आला तेव्हा केवळराम गुरुजी ओसरीवर मुलांना भागाकार शिकवत होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गावातली मुलं सकाळी त्यांच्याकडेच यायची.

अल्काही याच ओसरीवर शिकलेली. आता ती नागपूरला वनस्पतींवर संशोधन करत होती. तिच्या आवाजातून आनंद ओसंडत होता. जगातल्या काही देशांचे शास्त्रज्ञ मिळून तलावांचा अभ्यास करत होते. त्या गटात आपल्या देशाची माणसं होती, पण ती मोठ्या शहरांतली. तलाव आपल्या झाडीपट्टीत आणि त्यांच्याबद्दल बोलणारे भलतीकडचे, यावरून अल्का दोन वर्षं भांडत होती. शेवटी त्या गटातल्या फिलिपीन्सच्या एक बाई सौंदडजवळच्या या गावचा तलाव पाहायला यायला तयार झाल्या होत्या. त्यांना पसंत पडला तर तलाव अभ्यासात, आणि तलावाच्या वतीने अल्का त्या गटात.

पुढे ती तलावात काय काय उगवतं त्याबद्दल बरंच बोलली. पण गुरुजींच्या कानात एकच गोष्ट राहिली होती : आपली अल्का, एवढ्या देशांच्या माणसांत.

"आणि गुरुजी, काही करू नका बरं. तलाव आहे तसाच राहू द्या. हात लावू नका."

गुरुजींनी हे सरपंच पुष्पाबाईंना सांगितलं, तेव्हा त्या हसल्याच.

"पाव्हना असाच म्हनते, गुरुजी. काही करू नका जी, काही करू नका. म्हून का त्याले कोरडा भात वाढाचा?"

गुरुजींना ते पटलं. नको नको म्हणणाऱ्याच्या ताटात आणखी आग्रहाने वाढायचं, हेच त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. शिवाय मुलांना श्रमदानाचा धडा मिळेल. रविवारी सारा गाव पाण्यात उतरला. गुरुजी स्वतः पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे राहिले. लव्हाळा निघाला, कमळाची पानं निघाली. काठच्या उथळ पाण्यात न पेरता उगवणारं देवधान होतं. उपासाला बायका ते झोडून न्यायच्या. त्या बायकांतली कलाबाई त्याच्यापाशी थांबली.

"गुरुजी, हा बी काढाचा का?"

"सगळंच काढा. तलाव कसा आरशासारखा दिसला पाहिजे."

पाहुण्या आल्या त्या दिवशी तलाव खरंच आरशासारखा दिसत होता. मुलं रांगेत उभी होती. अल्का गाडीतून उतरली, हसत तलावाच्या बांधापर्यंत आली आणि जागीच थांबली. तिने पाण्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे.

"गुरुजी," ती हळू आवाजात म्हणाली, "देवधान कुठे आहे?"

"काढलं ना. सारा गाव लागला होता. कसं वाटतं?"

अल्काचा उतरलेला चेहरा पाहून गुरुजींना फोनवरचं ते बरंच काही एकदम आठवलं. देवधान. रानातलं धान. पाहुण्यांना तलावात तेच पाहायचं आहे, हेच तर ती सांगत होती. त्यांची कानशिलं तापली.

पाहुण्या बाई काठावर बसून पाणी न्याहाळत होत्या. त्यांनी रिकाम्या काठाकडे बोट दाखवून इंग्रजीत काही विचारलं. अल्काने एकदा गुरुजींकडे पाहिलं आणि उत्तर दिलं. त्यातला 'बफेलो', म्हणजे म्हशी, एवढा शब्द गुरुजींना कळला. पाहुण्या बाईंचा चेहरा उलट खुलला. त्या भराभर बोलू लागल्या.

अल्का गुरुजींकडे वळली, पण तिची नजर जमिनीवर होती. "त्या म्हणतात, म्हशींनी चरलेला तलाव त्यांच्या अभ्यासात एकही नाही. असा तलाव त्यांना हवाच आहे. विचारतात, म्हशी रोज येतात का?"

गुरुजींना सगळं समजलं. अल्काने त्यांची लाज झाकली होती, आणि झाकता झाकता तलावाची निवडही होत आली होती. त्यांनी मान हलवली. होय, रोज येतात.

"म्हशी?" मागून मुलांच्या रांगेतली नीतू म्हणाली. "म्हशीनं कोठं खाल्लन? आमीच त उपटलो, गुरुजी!"

"चूप ना वो!" शेजारच्या टिंकूने तिला कोपर मारलं.

"कायले चूप? माह्या हाताले अजून फोड हायेत." तिने दोन्ही तळवे पुढे केले. गुरुजी आपल्याला शाबासकी देतील असंच तिला वाटत होतं.

त्या तळव्यांकडे पाहणं गुरुजींना जमेना. याच मुलीला त्यांनी शिकवलं होतं, गणित चुकलं तर खोडून दुसऱ्याचं उत्तर लिहू नको, चुकलं म्हणून सांग.

"नीतू खरं बोलते," ते म्हणाले. "अल्का, त्यांना सांग. म्हशी नव्हत्या. तू हात लावू नका म्हणाली होतीस. मी उपटायला लावलं. आणि आता मी खोटी मान हलवली, तेही सांग."

"गुरुजी, राहू द्या ना. जमून येत होतं."

"सांग पोरी."

अल्का सांगू लागली. मधेच ती अडखळली, कारण म्हशींची गोष्ट तिची होती आणि तीही आता उघडी पडत होती. पाहुण्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी नीतूचे तळवे हातात घेऊन पाहिले आणि त्या थोडंसं बोलल्या.

"बी चिखलात पडलेलं असेल, म्हणतात. पुढच्या वर्षी उगवेल," अल्काने सांगितलं. "पण गटाची बैठक याच महिन्यात आहे. त्या दुसरा तलाव पाहतील. दुसऱ्या राज्यातला."

"मंग आमची अल्काताई?" टिंकूने विचारलं. "ते नाही जात का आता त्या गटात?"

पुष्पाबाई पदराच्या टोकाशी चाळा करत उभ्या होत्या. कलाबाई पाण्याकडे पाहत होती.

गाडी निघायच्या वेळी अल्का परत आली आणि गुरुजींच्या पाया पडायला वाकली. त्यांनी पाय मागे घेतले.

"आज नको, पोरी."

ती उठली नाही. तशीच वाकून राहिली. मुलं बघत होती. शेवटी गुरुजींना पाय पुढे करावा लागला.