होमाईबाईंचा हात

"अहो मावशी, ती माझी सोंगटी आहे!"

राकेश ओरडला तेव्हा कुठे मालनला कळलं, की आपल्या हाताने घात केला. फासे राकेशने टाकले होते. सहा-एक पडलं होतं. तो अजून हनुवटी खाजवत विचारच करत होता, आणि मालनने त्याच्या दोन काळ्या सोंगट्या उचलून त्याची भिंत झकास बांधूनही टाकली होती. स्वतःचीच वाट अडवून ती आता शांतपणे पुढच्या फाशांची वाट पाहत होती.

हॉलमध्ये हशा पिकला. क्लबचे सेक्रेटरी नियमांचं पुस्तक काखेत धरून धावत आले. देवळाली कॅम्पातल्या त्या जुन्या क्लबात दर डिसेंबरात बॅकगॅमनची दोन दिवसांची स्पर्धा भरायची आणि मुंबई, पुणे, पार महूपासून बत्तीस खेळाडू यायचे. पण समोरच्याच्या सोंगट्या आपणच हलवून देणारा खेळाडू त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

"त्या सोंगट्या परत ठेवा," सेक्रेटरी म्हणाले.

"राहू द्या ना सर," राकेश घाईघाईने म्हणाला. नाशिक रोडला त्याचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि फायदा कशात आहे हे त्याला चटकन कळायचं. "चाल बरोबर आहे. मी हीच करणार होतो."

पुन्हा हशा झाला. सेक्रेटरींना मात्र हसू आलं नाही. "बाई, पहिली वेळ म्हणून सोडतो. पुन्हा समोरच्याच्या सोंगटीला हात लागला, तर डाव गेला समजा."

"चुकलं साहेब," मालन म्हणाली आणि उजवा हात पदराखाली दडवला. एखादं व्रात्य पोर दामटून बसवावं तसा.

आता त्या हाताचा तरी काय दोष? अकरा वर्षांची सवय होती ती. ब्याण्णव साली मालन पगारे भगूरहून रोज चालत येऊन समोरच्याच पारशी आरोग्यभवनात आयाचं काम करू लागली, तेव्हा खोली नंबर सातमध्ये होमाईबाई होत्या. एके काळी ही स्पर्धा गाजवणाऱ्या. तीनदा अंतिम फेरीत पोचून तीनदा हरलेल्या. पुढे त्यांना कंपवात झाला. कप तोंडाला लावायचा तर निम्मा चहा गाऊनवर. पण पट काही सुटेना. दुपारी तीन वाजले की त्या पेटी उघडायला लावायच्या.

"मालन, बस समोर. फासे तू टाक, सोंगट्या तू हलव. माझ्या पण, तुझ्या पण. मी फक्त बोलणार."

मालनला आधी वाटलं, म्हातारीचं काहीतरी खूळ. पंधरा सोंगट्या तुझ्या, पंधरा माझ्या, दोन फासे टाकायचे आणि सगळ्या आपापल्या घरी आणून पटाबाहेर काढायच्या. कुठे एखादी सोंगटी एकटी सापडली, की समोरच्याने ती मारायची आणि तिने पुन्हा पहिल्यापासून चालायला लागायचं. दोन सोंगट्या एका घरात बसल्या की भिंत, तिथे समोरच्याला थांबता येत नाही. एवढंच. पण महिन्याभरात तिला असं वेड लागलं, की भाकऱ्या थापताना परातीतल्या पिठावर बोटाने घरं आखायची. पुंजाराम, तिचा नवरा, म्हणायचा, "पीठ हाय का पट हाय?"

पुढे सहा हिवाळे होमाईबाई चाकाच्या खुर्चीतून स्पर्धेला गेल्या आणि मालन त्यांचा हात म्हणून शेजारच्या स्टुलावर बसली. बाई चाल सांगायच्या, मालन हलवायची. क्लबात तिला नावच पडलं, होमाईबाईंचा हात. मग बाईंचा आवाज बसला, त्यांचं जाणं थांबलं. चार वर्षांनी, या डिसेंबरात, त्यांनी मालनला न विचारताच खेळाडूंच्या यादीत तिचं नाव घातलं आणि वर सांगितलं, "मी येणार नाय. मी तिथे बसली, तर म्हणतील डोळ्यांनी खुणा केल्या."

"बाई, मला नाय जमायचं. तुमी नसल्यावर माझं काय डोकं चालतंय?"

"तेच बघायचं हाय डिकरी," लेकीला हाक मारावी तशा होमाईबाई म्हणाल्या. "तुला पण, मला पण."

ते वाक्य मालनच्या काळजात रुतून बसलं होतं. लोक म्हणायचेच, हात तिचा असला तरी डोकं पारशिणीचं. खरंच तसं असलं तर? अकरा वर्षं आपण नुसता चिमटाच होतो का? हरण्याची तिला भीती नव्हती. भीती होती ती हे कळण्याची.

राकेशला तिने हरवलं. त्याच्या त्या फुकटच्या भिंतीसकट हरवलं. दुसऱ्या फेरीत पुण्याचे एक प्राध्यापक गेले, तिसऱ्या फेरीत मुंबईच्या एक बाई, चौथ्या फेरीत महूचे एक डॉक्टर. मधल्या सुट्टीत यादव चहाचा ट्रे घेऊन आला. यादव क्लबातला वाढपी, भगूरच्या त्यांच्याच आळीतला. सहा हिवाळे त्या दोघांनी मागच्या व्हरांड्यात स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायला होता. आज तो तिच्यासमोर अडखळला.

"जय भीम, मालनताई. चहा... मागं ठेवू, का हितंच?"

मालनने हॉलभर नजर टाकली. "हितंच ठेव की. खेळाडू हाये मी."

यादवने निळ्या फुलांची कपबशी अशी काही जपून ठेवली, की जणू बक्षीस समारंभ तोच. मालनने चहा बशीत ओतला आणि मस्त भुरका मारला. शेजारच्या टेबलावरच्या दोघीतिघींनी मान वळवून पाहिलं. पाहू देत. चहा बशीतूनच छान लागतो.

"सात नंबरात काय चाललंय ठाव हाय का?" यादव खाली वाकून म्हणाला. "बाईंनी खोलीत पट मांडलाय. मी हापिसातल्या फोनवरनं तुमचे फासे नि चाली सांगतो, तिकडं नर्सबाई सोंगट्या हलवती. सगळं सॅनिटोरियम खोलीत गोळा झालंय. कालपासनं कुणी दुपारचं झोपलं नाय."

मालनला एवढा आनंद झाला, की उरलेला चहा थंड झाला तरी तिला कळलं नाही.

अंतिम फेरी कर्नल सरंजामे यांच्याशी. तोफखान्यातून निवृत्त झालेले, पिळलेल्या मिशांचे, सलग चार वर्षांचे विजेते. "या होमाईबाईंचा हात," ते मोठ्याने म्हणाले, "आज हाताला डोकं फुटलंय म्हणे!" माणूस वाईट नव्हता, फक्त तोफांजवळ आयुष्य गेल्याने हळू बोलणं विसरला होता.

तीन डावांचा सामना. पहिला कर्नलांनी घेतला, दुसरा मालनने. तिसऱ्यात ती पुढे होती. चौदा सोंगट्या घरात पोचल्या होत्या आणि एकच, शेवटची, बाहेर राहिली होती. एकटी, उघडी. आणि तिच्या बरोबर आठ घरं मागे कर्नलांची एक काळी सोंगटी दबा धरून बसली होती. ती मारली गेली की सगळं संपलं.

कर्नलांनी फाशांची डबी खुळखुळवली. पाच-तीन.

पाच आणि तीन, आठ! आधी पाच चाललं तर तिच्याच जोडीची भिंत आडवी येत होती. पण आधी तीन, मग पाच, वाट साफ होती. तिला ती चाल लख्ख दिसली. आणि त्याच क्षणी तिचा उजवा हात टेबलावरून उठला.

हो, उठला. अकरा वर्षं फासे पडले की समोरच्याची सगळ्यात चांगली चाल त्याच हाताने केली होती. त्याला आपलं-परकं ठाऊकच नव्हतं. काळ्या सोंगटीपासून बोटं वीतभर दूर असताना मालन भानावर आली. तिने हात मागे ओढला, मांडीखाली घातला आणि त्यावर चक्क दाबून बसली. सेक्रेटरी चष्म्यावरून पाहत होते.

कर्नलांनी तिच्याकडे बघून मिशी पिळली. मग पाच-तीन पडलं की आपल्या बाजूचं तिसरं घर बांधायचं, या चाळीस वर्षांच्या शिस्तीने त्यांच्या हाताने दोन सोंगट्या टकटक तिथे नेऊन बसवल्या. फासे उचलले, म्हणजे चाल पक्की झाली. आणि मग त्यांना दिसलं.

"अरे!" कर्नल म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा हळू.

पुढच्या फाशांत मालनची शेवटची सोंगटी घरी आली. मग उरली ती नुसती मोजणी. शेवटची जोडी तिने पटाबाहेर काढली तेव्हा यादवने दारातच ट्रे खाली ठेवून टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि कर्नल उठून उभे राहिले. "बाई, मघाशी मी बोललो ते मागे घेतो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "डोकं तुमचंच आहे. माझाच नुसता हात होता."

भिंतीवरच्या लाकडी फळीवर विजेत्यांची नावं रंगवलेली होती. सेक्रेटरींनी पेन काढलं. "काय नाव लिहायचं?"

"मालन पुंजाराम पगारे," ती म्हणाली. आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, "राहणार भगूर."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता ती जिंकलेला कप पदरात गुंडाळून सात नंबरात गेली. खोलीत पेढ्यांचा वास होता. होमाईबाई पटासमोर बसूनच होत्या.

"पाच-तीन," त्या म्हणाल्या. "यादवने सांगितला फोनवर, नि माझा जीव टांगणीला लागला. तुला दिसला होता?"

"दिसला हुता."

"नि हात?"

"मांडीखाली."

होमाईबाई इतक्या हसल्या, की नर्स पाणी घेऊन आली. घोट घेऊन त्या म्हणाल्या, "चार वर्षं झाली मालन. मी सांगते एक चाल, तू हलवते दुसरी. माझ्याहून चांगली. नि रोज मी जिंकते."

मालनचा चेहरा लालबुंद झाला. "बाई, तुमाला... कळत हुतं?"

"हात हलतात माझे. डोळे नाय हलत." बाईंनी कपाकडे पाहिलं. त्यावर त्यांना कधी हात ठेवता आला नव्हता. डोळे भरून आले ते त्यांनी लपवले नाहीत. "मग म्हटलं, हिला पाठवायला पाहिजे. चल, मांड. आज उलटा खेळू. फासे तू टाक, चाल तू बोल. तुझ्या सोंगट्या मी हलवणार."

"बाई, कशाला तरास?"

"बोल म्हणते ना."

मालनने फासे टाकले. चार-दोन. "चार नंबरचं घर बांधा बाई," ती म्हणाली.

होमाईबाईंनी हात पुढे केला. दोन बोटांत पांढरी सोंगटी आली, निसटली, पुन्हा आली. ती लाकडावर टकटकत निघाली. वाटेत शेजारच्या दोन सोंगट्या बाजूला सरकल्या. मालनचा हात उठला, आणि तिने तो पुन्हा मांडीखाली घातला. बाहेर एसटी येऊन थांबली, माणसं चढली, एसटी गेली. सोंगटी अजून वाटेतच होती. नर्स दारात थबकली.

मग एकदाची ती पोचली. थोडी तिरकी, अर्धी रेघेच्या बाहेर. होमाईबाईंनी दम टाकला आणि दुसरीला हात घातला.

मालनने पहिली सरळ केली नाही.