हँडलाएवढी फट

बर्फ वितळलं की इडाहोच्या त्या डोंगरात वाटेवर झाडं आडवी पडलेली सापडायचीच, आणि ती कापायला सरकार कधी यायचं नाही. यायची ती लोर्ना ट्वेट आणि तिच्या मोटरसायकल क्लबातली माणसं. पदरचं पेट्रोल जाळून, पाठीला चेनसॉ बांधून फुकट राबणारी. शहरातले लोक त्यांना जंगल नासवणारे गुंड म्हणायचे. म्हणोत. त्याच शहरातली पोरंबाळं उन्हाळ्यात त्याच वाटेनं तळ्यावर जायची, आणि ओंडके कुणी बाजूला केले, असं कुणाच्या बापानं कधी विचारलं नाही.

वाट दुचाकीची होती. म्हणून क्लबाचा कायदा एकच: आडवा ओंडका पुरता हटवायचा नाही. मोटरसायकलचं हँडल जेमतेम निघेल एवढीच फट त्यात कापायची. फट रुंद झाली की चारचाकी गाड्या घुसल्याच म्हणून समजा, आणि त्या घुसल्या की वरचं ओलं कुरण नांगरून निघतं. शेजारच्या दरीत तेच झालं होतं. सुट्टीला आलेल्या पैसेवाल्यांनी चिखल उडवायची हौस भागवून घेतली, आणि वनखात्यानं ती वाट सरसकट सगळ्या इंजिनांना बंद केली. नासवणारे घरी गेले, राखणारे उपाशी राहिले. आता वनखात्याची टेस विकॉफ बजावून गेली होती की कुरणात चार चाकांचा माग दिसला, तर हीही वाट बंद. पाहणीला ती उद्याच येणार होती.

म्हणून लोर्ना एकटीच पुढं बघायला निघाली, आणि पहिल्या वळणावर तिनं करकचून ब्रेक दाबला. फरच्या झाडाच्या थोरल्या ओंडक्यातली फट दारासारखी उघडी होती. अंगणात ट्रक न्यावा इतकी. खाली ताजा पिवळा भुसा, आणि भुशावर चार चाकांचे ठसे.

ती वाकून कापाकडं बघत राहिली. ओंडक्याची गुडघ्याच्या उंचीची कड कुणीतरी तासून गोल केली होती. जाणाऱ्याचा गुडघा फुटू नये म्हणून एवढी उठाठेव करणारा क्लबात एकच माणूस होता.

ऑरिन हॅस्केट. बाईच्या हातात करवत द्यायला क्लबातले सगळे बाप्ये कचरत होते, तेव्हा लोर्नाला झाड कापायला शिकवणारा. हँडलाएवढ्या फटीचा कायदा त्याचाच. कुणी मूठभर जास्त कापलं, तर त्याच्याकडून दगड वाहून ती बुजवून घेणारा. हिवाळ्यात त्याचा खुबा बदलला, डॉक्टरनं दुचाकी बंद केली, आणि म्हाताऱ्यानं कुठूनशी डोंगरात हाकायची एक जुनी, उघडी चारचाकी पैदा केली. क्लबानं त्याला खाली, गाड्या लावतात तिथं, सगळ्यांचं जेवण रांधायला बसवलं होतं.

लोर्ना खाली आली तेव्हा तो बीन्स ढवळत होता. वळणावरचा फर कुणी कापला, असं तिनं विचारलं. त्यानं मीठ चाखून बघायला चमचा पुढं केला. तिनं चमचा बाजूला सारला.

"मी कापला," तो म्हणाला. "वरचा पूल बघायचा होता. बर्फानं नेला की राहिला, कुणी धड सांगेना."

तो लाकडी पूल त्या दोघांनीच बांधला होता.

"मग मला सांगायचं. मागं बसवून नेलं असतं."

"तुझ्या मागं? मी? बटाट्याच्या पोत्यासारखा?"

"म्हाताऱ्या, तुझ्या तोऱ्यापायी वाट जातीय, कळतंय का तुला?"

त्याला कळत होतं. कुरणात चाक घातलं नाही, एवढं तो पुटपुटला. लोर्नानं मनात सगळं जुळवून टाकलं होतं: झाडाच्या फांदीनं ठसे पुसायचे, नवा ओंडका लोटायचा, टेसला वासही लागायचा नाही. ती बोलायच्या आधीच ऑरिननं मान हलवली.

"नाही पोरी. कापलं मी, सांगणारही मीच. तू तोंड उघडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी टेस आली, आणि हेल्मेट काढायच्या आत ऑरिननं तिला सगळं सांगून टाकलं. तिचा चेहरा पडला. जागा दाखवा म्हणाली. आता वर जायचं तर चारचाकी चालणार नव्हती. ऑरिननं लोर्नाच्या गाडीकडं पाहिलं, काहीतरी अभद्र बोलला आणि मुकाट मागं बसला. सबंध चढभर त्याचे हात तिच्या कमरेला करकचून आवळलेले होते. लोर्नाला त्याचा राग येत होता, आणि हे हात किती हलके झालेत, हेही कळत होतं.

कुरणाच्या तोंडाशी, खडकाळ कोरड्या जागेत चाकांचे ठसे वळून माघारी गेले होते. पुढं ओल्या मातीत फक्त बूट उमटले होते, आणि बुटांशेजारी काठीची गोल भोकं. कुरणाच्या कडेकडेनं पार पुलापर्यंत, आणि परत. मध्ये एका जागी गवत चांगलंच चेपलं होतं. तिथं तो बसला होता की पडला होता, ते त्यानं सांगितलं नाही.

टेस तो माग शेवटपर्यंत चालून आली.

"कुरणात चाक नाही," ती म्हणाली. "तेच मी लिहीन. पण ती फट आज बुजवा. आणि ऑरिन, पुन्हा कापलीत, तर या वाटेला कुलूप घालीन, आणि दोष तुमचा असेल."

"बरोबर आहे," ऑरिन म्हणाला. एवढ्या गुमान तो कुणाचंच ऐकत नसे.

क्लबातल्या पोरांनी पहारी लावून नवा ओंडका फटीत सरकवला. ऑरिन दगडावर बसून सगळ्यांना शिव्या घालत होता, आणि लोर्नानं मोटरसायकल मध्ये घालून दाखवली, तेव्हाच त्याचं समाधान झालं.

"बस मागं," ती म्हणाली.

तो बसला. फटीतून निघताना त्याचा बाहेर आलेला गुडघा नव्या ओंडक्यावर सणकून आपटला.

"कड कुणी तासायची? तुझ्या बापानं?" तो ओरडला.

"उद्या आणते तुला वर," लोर्ना म्हणाली. "कुऱ्हाड घेऊन बस."