जड तवा आणि अननसाच्या चकत्या

मी एक जुना बिडाचा तवा आहे. माझ्या पोटावर उंच धारांच्या रांगा आहेत आणि एका बाजूला आखूड दांडा आहे. शेगडी लहान आणि मी थोरला, म्हणजे नाकापेक्षा मोती जड अशातली गत. मला उचलणारा प्रत्येक जण आधी "आई गं" म्हणतो. मित्रांनो, जन्मभर असे स्वागत झाले की कोणीही थकेल. मीही थकलो आहे. आज जरा निवांत आहे, म्हणून चार गोष्टी सांगतो.

माझा जन्म ओतशाळेतला. तिथे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतत. साच्यातून बाहेर आलो तेव्हा मी करडा, खरखरीत आणि नुसता तापट होतो. दुकानात फळीवर कितीतरी दिवस पडून राहिलो. लोक यायचे, उचलायचे, "आई गं" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. शेवटी एका माणसाने मला एका हाताने उचलले आणि हूं की चूं न करता घरी नेले. तेच माझे मालक. ते केस कापण्याचे दुकान चालवत. दिवसभर कात्री धरून त्यांचा उजवा हात पोलादासारखा झाला होता.

त्यांनी मला तेल लावले, तापवले, गार केले, पुन्हा तेल लावले. असे कित्येक दिवस चालले. ते तेल माझ्या अंगात मुरले आणि मी काळा कुळकुळीत झालो. माणसांत गोरेपणाचे कौतुक असते म्हणे. आमच्यात काळ्यालाच मान असतो.

दुकानाला सुट्टी असली की मालक अननस आणत. "चला, आज या साहेबांची दाढी करू," असे म्हणत सुरी घेत. आधी शेंडा उडवायचा, मग उभी साल काढायची. अननसाचे डोळे तिरक्या ओळींत असतात, म्हणून त्या ओळींनीच खाचा पाडत ते डोळे काढत. मग बोटभर जाडीच्या चकत्या करून फडक्याने कोरड्या टिपत, तेलाचा हात फिरवत आणि मला कडकडीत तापवून माझ्यावर मांडत. चर्र असा आवाज झाला की त्यांची छोटी लेक हातातला खेळ टाकून पळत यायची.

मित्रांनो, तव्यावर टाकलेली चकती आधी घट्ट चिकटते. तेव्हा ओढली तर फाटते. तिच्यातली साखर तांबूस झाली की ती आपणहून सुटते. तोवर तिला हात लावायचा नाही, एवढीच काय ती विद्या. मालक चिमटा हातात धरून शांत उभे राहत आणि लेकीला गिऱ्हाइकांच्या गमती सांगत. मग एका झटक्यात चकती उलटी होई आणि तिच्यावर माझ्या धारांच्या तपकिरी रेघा उमटलेल्या दिसत. वर मीठ आणि मिरपूड पडे. शेजारपाजारचे लोक वासावरून काहीतरी निमित्त काढून दारात येत. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे लेक मोठी झाली, नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. मालकीणबाई आजारी पडल्या आणि गेल्या. अननस यायचा बंद झाला. मी ओट्याखालच्या कप्प्यात गेलो आणि माझ्यावर डबे, डब्यांवर झाकणे, झाकणांवर धूळ असा संसार वाढला. एकटा माणूस स्वतःसाठी कशाला काही भाजत बसेल? मला त्याचा राग नव्हता, पण वाईट मात्र वाटे.

मग एक दिवस दुकानातच मालक कोसळले. त्यांची उजवी बाजू लुळी पडली. लेक होती तशी धावत आली आणि इथेच राहिली. तिने जवळच औषधांच्या दुकानात काम धरले. सकाळी बाबांचे सगळे आवरायचे, दिवसभर दुकानात उभे राहायचे आणि आल्यावर सुजलेल्या पायांनी पुन्हा कामाला लागायचे, असा तिचा दिवस. ती त्यांना घास भरवी, त्यांची दाढी करी, पाण्याचा पेलासुद्धा ओठांना लावी. मालक चालू लागले, बोलू लागले, पण हात मांडीवर पडून राही.

व्यायाम शिकवायला एक बाई येत. त्यांनी रबरी चेंडू दाबायला दिला. "मी काय मांजर आहे का?" असे म्हणून मालकांनी तो खिडकीत ठेवून दिला. बाई जाताना लेकीला बजावून गेल्या, "या हाताला काम द्या. आत्ता वापरला नाही तर कायमचा आखडेल."

लेक मान डोलवी. पण त्यांनी चमचा उचलला की तिचा हात आधी पुढे होई. "राहू द्या बाबा, सांडेल." "राहू द्या, मी करते." हळूहळू मालकांनी चमचा उचलणेच सोडले. हात बोटांशी वाकडा होऊ लागला होता. कप्प्याच्या फटीतून मला ते दिसत होते, पण तव्याला कोण विचारतो?

कप्पा आवरताना मी तिच्या हाती लागलो. "शी, किती काळा झालाय!" असे म्हणून तिने मला तारेच्या घासणीने आणि साबणाने रगड रगड रगडले. वर्षानुवर्षे मुरलेले तेल मोरीत वाहून गेले. मी लख्ख झालो आणि कामातून गेलो; तो तेलाचा थर नसला की आम्हाला सगळे चिकटते आणि गंजही लगेच चढतो. अति तिथे माती म्हणतात ते हेच. तिने मात्र मला पुसून कौतुकाने बाबांना दाखवले आणि दुसऱ्याच दिवशी अननस आणला. तिच्या मनात त्यांना खूश करायचे होते.

चिरणे तिनेच केले. मालक ओट्याशी येऊन उभे राहिले. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत जीव आलेला मी पाहिला. चकत्या माझ्यावर पडल्या. मालकांनी उजव्या हाताने चिमटा ओढून घेतला. बोटे मिटायला फार वेळ लागत होता.

"द्या इकडे, भाजेल तुम्हाला," असे म्हणत तिने चिमटा काढून घेतला आणि चकत्या घाईघाईने उलटायला गेली. उघड्या अंगाने मी त्यांना धरून ठेवले होते. सगळ्या फाटल्या.

"माझा हात गेला नव्हता गं," मालक म्हणाले. "थोडा उरला होता. तो तू काढून घेतलास."

स्वयंपाकघरात नुसता धूर होता. लेक मटकन स्टुलावर बसली.

"तुम्ही पडलात तर? भाजलं तर?" ती रडत म्हणाली. "दुकानात फोन वाजला ना, की माझे हातपाय गळतात, बाबा."

"मग गळू देत. चिमटा दे."

तिने डोळे पुसले आणि चिमटा दिला. चिकटलेला लगदा खरवडून तिने मला पुन्हा तेल लावले, तापवले आणि उरलेल्या चकत्या मांडल्या. मग आपलेच हात काखेत घट्ट दाबून ती भिंतीला टेकून उभी राहिली.

मालक थांबले. चकती सुटली, पण त्यांच्या बोटांना ती धरायला इतका उशीर झाला की खालची बाजू करपली. पहिली ओट्यावर पडली. लेकीचा पाय पुढे आला आणि तिथेच थबकला. मालकांनी ती तिथून उचलली. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा धरली. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. शेवटी ती माझ्यावर उलटी पडली.

"कडू झालीय," लेक खाताना म्हणाली.

"माझ्या हातची आहे. मुकाट्याने खा."

आणि ती खरोखर मुकाट्याने सगळी खाऊन गेली.

त्यानंतर मालकांनी मला धुवायचा हट्ट धरला. उचलता येईना, म्हणून ओढत ओढत मोरीपर्यंत नेले. पुसले तेही अर्धेमुर्धेच. दांड्यापाशी पाणी राहून गेले. लेकीने ते पाहिले. फडके तिच्या खांद्यावरच होते. मला वाटले, आता पुसणार. पण तिने दिवा घालवला आणि ती निघून गेली.

सकाळी तिथे गंजाचा ठिपका उठला होता. मित्रांनो, आम्हा बिडाच्या भांड्यांना गंजाइतके दुसऱ्या कशाचेच भय नसते. तरी तो ठिपका मला सलत नाही. तुमच्या घरीही कोणी थकलेले, सावकाश झालेले माणूस असेल. त्याला खूप जपा, पण त्याच्या हातातले काम त्याच्याच हाती राहू द्या. ते सांडेल, करपेल, ओले राहील. तुम्ही तेवढे थांबा.