कापलेला कोपरा

सुरतेत प्लेग आला त्या वर्षी जळगावात माणसं तोंडाला रुमाल बांधून हिंडायला लागली. औषधाच्या दुकानांतल्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दोन दिवसांत संपल्या. सुरतेहून गाड्या नंदुरबार, दोंडाईचा करत माणसांनी फुलून यायच्या आणि स्टेशनात डॉक्टर एकेकाला तपासायचे. पण सुरतेहून येणारं टपाल कोण तपासणार, हा प्रश्न एकट्या बन्सीलालभाऊंना पडला.

बन्सीलालभाऊ एका जिनिंगचे मॅनेजर होते. मालक धुळ्याला, महिन्यातून एकदा यायचे. बाकी सगळा कारभार भाऊंचा. कापूस निवडायला साठेक बायका. बहुतेक धुळ्याकडच्या, आणि निम्म्यांचे नवरे सुरतेला कापडाच्या मागावर कामाला. पत्रं यायची ती जिनिंगच्या पत्त्यावर. आवक-जावक बघणाऱ्या इंदिराबाई ती उतरवून घ्यायच्या आणि दुपारच्या सुट्टीत खिडकीत बसून जिची तिला वाचून दाखवायच्या. वाचून दाखवणं काही त्यांच्या कामात नव्हतं, पण सोळा वर्षं ते चाललं होतं. कोणाच्या सासूने काय लिहिलं, कोणाचा नवरा पिऊन पडला, हे सगळं इंदिराबाईंच्या पोटात राहायचं. म्हणून तर त्या बायकांच्या अक्का होत्या.

नवरा गेल्यावर त्यांना ही नोकरी भाऊंनीच दिली होती. पेन कसं धरायचं इथपासून त्यांनी शिकवलं. इंदिराबाई दर श्रावणात त्यांना राखी बांधायच्या, आणि भाऊ म्हणाले म्हणजे झालं, असा त्यांचा हिशोब होता.

"ताई, माझे आजोबा सांगायचे," भाऊ म्हणाले, "मागच्या प्लेगात पत्रांना भोकं पाडून गंधकाचा धूर द्यायचे. आपण सुरतेच्या पत्राचा कोपरा कापू, आत जंतुनाशक पावडर फुंकू, आणि चार तास पत्र्यावर उन्हात टाकू."

इंदिराबाईंचा हात थांबला. "भाऊ, कोपरा? लोक काय समजतील?"

कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे कोणीतरी गेल्याचं पत्र. ते घरात नेत नाहीत, उंबऱ्याबाहेरच वाचतात आणि फाडून टाकतात. खानदेशात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक.

"तुम्ही वाचूनच देता ना? मग कोण काय समजणार? आणि काही झालंच तर मी आहे."

मग इंदिराबाईंनी घरून जुनी सांडशी आणली. सांडशीने पत्र धरायचं, कात्रीने कोपरा उडवायचा, पावडर फुंकायची आणि शेवटी लाल औषधाच्या पाण्यात हात धुवायचे. उन्हात वाळवणासारखी पत्रं पसरलेली बघून शेवंताबाई म्हणाली, "अक्का, कुर्डया कव्हय तळशात?" सगळ्या हसल्या. पत्र हातात देताना इंदिराबाई आधी म्हणायच्या, "खुशाल आहेत गं, कोपरा आम्हीच कापलाय," आणि मगच वाचायच्या. चार दिवस कोणाला काही वाटलं नाही.

पाचव्या दिवशी भाऊंनी खिडकी बंद करवली. बायकांची गर्दी होते, एकीचा श्वास दुसरीला लागतो. पत्रं फाटकाजवळच्या स्टुलावर ठेवायची, पहारेकरी पुना वाटेल.

"भाऊ, मग कोपऱ्याचं त्यांना कोण सांगणार?"

"पुनाला मी सांगतो समजावून. तुम्ही ते माझ्यावर सोडा."

इंदिराबाईंनी सोडलं.

त्या दुपारी स्टुलावर एकच पत्र होतं. निळं अंतर्देशीय, कमलबाईला, तिच्या नवऱ्याकडून. पुनाला कोणी काही सांगितलं नव्हतं. त्याने कापलेला कोपरा पाहिला, मान खाली घातली आणि पत्र एका बोटाने तिच्याकडे सरकवलं. कमलबाईने ते उघडलंच नाही. उघडूनही तिला वाचता येत नव्हतं.

इंदिराबाईंना आधी हंबरडा ऐकू आला. धावत बाहेर येईतो कमलबाई कापसाच्या ढिगाजवळ बसली होती, कपाळ पुसलेलं, आणि दोन म्हाताऱ्या तिचे हात दगडावर धरून बांगड्या फोडत होत्या. इंदिराबाईंनी धुळीतलं पत्र उचललं आणि उभ्या उभ्या मोठ्याने वाचलं. झुलाल खुशाल होता. माग बंद पडले होते आणि मंगळवारी गाडीने तो घरी यायचा होता.

कमलबाईच्या मनगटातून रक्त येत होतं. नवरा जिवंत असताना बांगड्या फुटल्या होत्या. आता नव्या भरल्या तरी फुटलेल्या फुटल्याच होत्या.

बुधवारी झुलाल फाटकात उभा राहिला. दाढी वाढलेली, बरोबर गावचे वीसेक पुरुष. मागे कमलबाई, हातात हिरवा चुडा, मनगटावर चिंधी.

"हाऊ कोपरा कोणी कापा?" झुलालने विचारलं. "मी जित्ता शे. मनी बायकोले कोणी रांडाव करं?"

इंदिराबाई अंगणात भाऊंच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. आता भाऊ उठतील, हात जोडतील, सांगतील, याची त्या वाट बघत होत्या. भाऊ उठले. त्यांनी हातही जोडले.

"टपालाचं सगळं बाई बघतात," ते म्हणाले. "त्यांनी आपल्या मनाने काय केलं, मला ठाऊक नाही. बाईमाणूस आहे, घाबरली असेल. मी माफी मागतो त्यांच्या वतीने."

मागून कोणीतरी बोललं, "तिनं कपाय पांढरं, मंग सगळास्नं पांढरंच दिसी तिले."

इंदिराबाईंनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ फाटकाकडे बघत होते. "भाऊ," त्या म्हणाल्या, "सांगा ना." तो आवाज त्यांचा त्यांनाही नीट ऐकू आला नाही.

कमलबाई पुढे आली. शिव्या देईल असं वाटलं होतं. ती हळूच म्हणाली, "अक्का, तुमले तं कोपरानं माहीत व्हतं."

या बाईला काय सांगायचं, की मी विचारलं होतं? दोनदा विचारलं होतं? शेवटी कात्री तर इंदिराबाईंच्याच हातात होती.

माणसं गेल्यावर भाऊंनी पाणी मागवलं. "ताई, मनावर घेऊ नका. माझ्यावर आलं असतं तर उद्या एक माणूस कामावर आला नसता. दसऱ्याला नवा हंगाम लावायचाय, धुळ्याला काय उत्तर देऊ? तुमच्यावरचा राग दोन दिवसांत जाईल. आणि नोकरीला धक्का लागणार नाही, हा माझा शब्द."

"आणखी एक शब्द?" इंदिराबाई म्हणाल्या.

भाऊ हसले, पण नजरेला नजर दिली नाही.

"कमलबाईपुढे एकदा खरं सांगा. बाकी काही नको मला."

"सांगेन. थोडं निवळू द्या."

निवळलं. दिवाळीपर्यंत प्लेगाचं नावही कोणी काढेना. रुमाल सुटले, पावडरचा डबा गोदामात गेला, खिडकी पुन्हा उघडली. इंदिराबाई दुपारच्या सुट्टीत तिथे बसल्या. शेवंताबाई आली, पत्र घेतलं. इंदिराबाईंनी सवयीने चष्मा चढवला.

"राहू द्या बाई," शेवंताबाई म्हणाली. सोळा वर्षांत पहिल्यांदा ती त्यांना बाई म्हणाली. मग अंगण ओलांडून ती भाऊंच्या दाराशी गेली. तिच्यामागे आणखी तिघी होत्या. कमलबाईही होती.

भाऊंनी पत्र उघडलं. अक्षर न् अक्षर सावकाश लावून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ते वाचून दाखवायला लागले. मधे काहीतरी बोलून त्यांनी बायकांना हसवलंही.

इंदिराबाईंनी चष्मा उतरवला आणि समोरचं जावक टपाल तारखेप्रमाणे लावायला घेतलं.